बाटली ए : नॉर्मल

सर्व संबंधितांस, म्हणजे ज्यांच्या तोंडात निदान एक तरी दात आहे अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की मुळशी तालुक्यातल्या एका डेंटल कॉलेजातल्या सात वर्षांच्या बॅचेस एकाच माणसाच्या लघवीवर शिकल्या आहेत. निवेदन समाप्त. ज्यांना जेवायला बसायचं असेल त्यांनी आधी जेवून घ्यावं, मग पुढचं वाचावं.

त्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्री शिकवते. शरीरात चालणाऱ्या रसायनांचं शास्त्र. दरवर्षी जूनपासून दिवाळीपर्यंत मुलं मला एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, दातांना हे कशाला?" मी दरवर्षी हात पसरून, आवाज खाली नेऊन उत्तर देते, "दात माणसाला असतात, म्हणून." माझा आवडता डायलॉग आहे. वर्ग हसतो. मग मुलं झोपतात.

तर एका गुरुवारी सी बॅचचं प्रॅक्टिकल चालू होतं आणि पूनम माझ्या टेबलासमोर टेस्ट ट्यूब घेऊन उभी होती.

"मॅडम, ए बाटलीची लाल आली."

"बीची असेल."

"नाही मॅडम, एचीच."

"ट्यूब धुतली होतीस?"

"तीनदा."

"चौथ्यांदा धू."

मागून कोणीतरी म्हणालं, "अगं ब्ल्यू लिही ना बाई. नाहीतर लंच संपून जाईल." सगळे हसले. मीही हसले. माझं हसणं तसं मोठं आहे, शेजारच्या फिजिऑलॉजीच्या लॅबपर्यंत जातं.

हे लाल-निळं काय ते सांगते. बेनेडिक्ट नावाचं एक निळं द्रावण असतं. ते ट्यूबमध्ये घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी असं चढत गेलं तर साखर चढत गेली. विटकरी लाल झालं तर कहर. मुलांना आम्ही दोन बाटल्या देतो. ए बाटलीत निरोगी माणसाची लघवी, ती निळी राहते. बी बाटलीतही तीच, पण तिच्यात मी चमचाभर ग्लुकोज पावडर आणि थोडं ॲसिटोन घालते, म्हणजे ती आजारी माणसाची झाली. सोपं नाटक आहे. नट एक, वेश दोन.

आणि हा नट म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, सोपानमामा.

कॉलेजची बिल्डिंग उभी आहे ती जमीन मामांच्या घरची. जमीन गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी मिळेल असं ठरलं होतं. चार भावांत ती मामांच्या वाट्याला आली. बायोकेमिस्ट्रीची लॅब म्हणजे त्यांच्या लेखी घरच्या भाताचं वरचं खाचर. "हितं लई गाळ असायचा, म्याडम," असं ते नव्या सेंट्रिफ्यूजकडे बोट दाखवून सांगायचे.

इथल्या माझ्या पहिल्या वर्षी मी मुलांना आपापलं सॅम्पल आणायला सांगितलं होतं. मुलींनी माना खाली घातल्या. एका मुलाने पाणी घातलेला कोरा चहा आणला. उसाची साखर बेनेडिक्टला दाद देत नाही, त्यामुळे रंग काही बदलला नाही आणि तो पठ्ठ्या सुटला असता. पण चहात वेलदोडा होता. ट्यूब उकळल्यावर सगळ्या लॅबभर लग्नघरासारखा वास सुटला. तेव्हा मामा पुढे आले.

"येवढ्याश्यासाठी पोरांना कशाला तरास? माझं घ्या की. रोज वायाच जातंय."

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी ए बाटली भरलेली असायची. लेबल मामांनीच लावलं होतं. त्यावर इंग्रजीत त्यांच्या अक्षरात 'नॉर्मल' लिहिलेलं होतं. इंग्रजीतला तेवढा एकच शब्द ते माझ्याकडून गिरवून शिकले होते. पहिलं अक्षर थोडं उलटं पडायचं, पण अभिमान सरळ होता. गावात सांगायचे, "माझ्यावर डाक्टर शिकत्यात." प्रॅक्टिकल संपलं की मुलांच्या जर्नल्सचा गठ्ठा ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. मी सह्या करायचे. सह्या झाल्या की ते एकेक जर्नल उघडून पान वाळलंय का बघायचे आणि गठ्ठा परत न्यायचे.

या जर्नल्सबद्दलही सांगायला हवं, कारण गुन्हा तिथे झाला. जर्नलमध्ये तीन रकाने असतात: काय केलं, काय दिसलं, काय अनुमान काढलं. मुलं हे तिन्ही रकाने प्रॅक्टिकलला यायच्या आधी भरून आणतात. सीनियरचं जर्नल समोर ठेवायचं आणि उतरवायचं. काय दिसलं हेसुद्धा दिसायच्या आधीच लिहून तयार. आम्ही शिक्षकही असेच शिकलो, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. बाटली ए, बेनेडिक्ट: रंग निळा, साखर नाही, अनुमान 'नॉर्मल'. खाली माझी सही.

पूनमचा रकाना मात्र कोरा होता. ट्यूब बघून तिने त्यात लिहिलं, 'विटकरी लाल'. मी त्यावर लाल पेनाने काट मारली, बाजूला 'रिपीट' लिहिलं आणि एक मार्क कापला. लालावर लाल. दिसायला छान दिसत होतं.

आता मागे वळून बघते तर त्या वर्षी लॅबमध्ये बरंच काही चाललं होतं आणि मी सगळ्याचे विनोद करत होते. मामा नळाखाली ओंजळ धरून सारखे पाणी प्यायचे. मी म्हणायचे, "मामा, धरण खाली करताय की काय? पुण्याला पाणी कमी पडेल." पूर्वी ए बाटली अर्धी भरायची. आता गळ्यापर्यंत भरून यायची, दोन बॅचेसना पुरून उरायची. मी खूश. स्टाफरूममध्ये सांगितलंही, की आमच्या डिपार्टमेंटला कधी कच्चा माल कमी पडत नाही. शिवाय सिंकपाशी मुंग्या झाल्या होत्या. मी ऑफिसला पेस्ट कंट्रोलसाठी अर्ज दिला. मग दुसरा दिला, त्यात 'तातडीचे' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. अख्ख्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री फक्त त्या मुंग्यांना येत होती.

मामा जरा लंगडतही होते. "बूट नवं हायेत," म्हणाले. बूट माझ्या नोटिशीमुळे आले होते. इन्स्पेक्शन जवळ आलं होतं आणि लॅबमध्ये चप्पल चालणार नाही, बंद बूट हवेत, असं मी बोर्डावर लावलं होतं.

पुढच्या गुरुवारी प्रॅक्टिकलच्या आधी पूनम माझ्या केबिनच्या दारात आली. ही मुलगी ताम्हिणीच्या बाजूच्या एका धनगरवाड्यावरची. घरी शेळ्या, वडील शेळ्या बघून मजुरीलाही जातात. वर्गात कधी तोंड उघडत नसे. एरवी मी तिला 'आमच्या मौनी बाबा' म्हणत असे.

"मॅडम, एक बोलू? रागावू नका."

"मार्काबद्दल असेल तर रागावणार."

"मार्काचं नाही. मामांचं आहे. त्यांच्या तोंडाला शेळीचा वास येतोय."

मी हसायला तोंड उघडलं. तिचा चेहरा बघून मिटलं.

"म्हणजे साध्या शेळीचा नाही मॅडम. गाभण शेळी असते ना, पोटात दोन-दोन करडं असली की कधी कधी ती चारा सोडते. मग तिच्या तोंडाला गोड वास येतो, पिकल्या फळासारखा. आमची आई तोंड हुंगूनच सांगते. तुम्ही लेक्चरला कीटोन शिकवलंत तेव्हा मला आमची शेळीच आठवली. तोच वास मामांना येतोय. मागच्या गुरुवारी थोडा होता. आज लई हाय."

शेवटचं वाक्य तिच्या घरच्या बोलीत निसटलं. एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

"मग ती शेळी जगते का?"

"नाही मॅडम. आधी उभी असते, मग बसते. एकदा बसली की तीन-चार दिवस." तिने मागे लॅबकडे बघितलं. "मामा स्टोअरमध्ये बसलेत. ते कधी बसत नाहीत."

कीटोन म्हणजे काय ते मी दरवर्षी रंगवून सांगते. इथेही सांगते, पण आज हातवारे नाहीत. रक्तातली साखर म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या. शरीरातल्या पेशी म्हणजे सूस गावातल्या सोसायट्या. गेट उघडतो तो वॉचमन म्हणजे इन्सुलिन. वॉचमन कामावर नाही किंवा त्याचं कोणी ऐकत नाही, की गाड्या गेटबाहेर अडकतात. रस्ता तुंबतो. ती तुंबलेली साखर लघवीतून सांडते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून तहान. बाहेर किराण्याने भरलेल्या गाड्यांची रांग आणि आत घरात मात्र दाणा नाही. मग आतली माणसं टेबल-खुर्च्या फोडून चूल पेटवतात. म्हणजे शरीर स्वतःची चरबी जाळतं. त्या जाळाचा जो धूर होतो तो कीटोन. तो आम्ल असतो, रक्त आंबवतो, आणि श्वासातून गोड वासाने बाहेर पडतो. धूर वाढला की आतली माणसं गुदमरतात. इथे वर्ग नेहमी टाळ्या वाजवतो.

हे सगळं मी वीस वर्षं शिकवलं आहे. तो वास माणसाच्या तोंडाला कधी घेतला नव्हता. बी बाटलीत मी विकतचा कीटोन, म्हणजे ॲसिटोन, ओतते.

मी लॅबमध्ये गेले. बेनेडिक्टची नवी बाटली फोडली. ट्यूब स्वतः धुतली. त्या दिवशीच्या ए बाटलीतले आठ थेंब टाकले. उकळी फुटायच्या आधीच निळं गेलं आणि खाली विटांचा चुरा बसावा तसा लाल गाळ बसला. मग कीटोनची टेस्ट केली. त्यात शेवटी ट्यूबच्या कडेने अमोनिया सोडतात आणि कीटोन असेल तर जांभळी रिंग येते. आली. इतकी सुंदर, इतकी गडद रिंग माझ्या बी बाटलीला कधी आली नव्हती.

स्टोअरमध्ये मामा भिंतीला टेकून बसले होते. जिना चढून आल्यासारखा श्वास चालला होता, खोल आणि भराभर, पण जिना कुठेच नव्हता.

"मामा, काय होतंय?"

"काय न्हाई म्याडम. पोट जरा मळमळतंय. ए बाटली भरून ठिवलीय."

बोट टोचून रक्त बघितलं. मशीनने आकडाच दिला नाही. त्याच्या मापाच्या वर होती साखर.

मी प्रिन्सिपल सरांना फोन लावला.

"सर, मामांना ताबडतोब हॉस्पिटलला न्यायचंय. कॉलेजची व्हॅन द्या."

"व्हॅन डेंटल कॅम्पला गेलीय, मॅडम. काय झालं काय?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. मग सर म्हणाले, "म्हणजे ते नॉर्मल सॅम्पल नॉर्मल नव्हतं?"

"नव्हतं."

"किती दिवस?"

"माहीत नाही सर."

"सॅम्पलच्या रजिस्टरवर सही कोणाची असते?"

"माझी."

"मग ठीक आहे," सर म्हणाले. खरंच मोकळा श्वास सोडला त्यांनी, मला फोनवर ऐकू आला.

माझ्या गाडीतून नेलं. पूनम मागे मामांना धरून बसली. भूगावात नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग होती. पुढे टँकर, मागे टँकर, कोणी हलेना. माझंच उदाहरण माझ्यासमोर हॉर्न वाजवत उभं होतं आणि मागच्या सीटवरून त्याचा गोड वास येत होता. पिकल्या फळाचा. आता मलाही येत होता.

"मामा, डोळे मिटू नका," पूनम म्हणत होती. "बोलत राहा."

"काय बोलू?" मामा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "म्याडम, बी बाटलीत पावडर टाकायची राह्यलीय. पोरं खोळंबत्याल."

मी म्हटलं, "आज पावडर लागणार नाही, मामा."

कोथरूडच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला एक तरुण डॉक्टर होता. मामांच्या पायातला बूट त्याने काढला आणि मोजा काढता काढता थांबला. मोजा निघत नव्हता. आता जो वास आला तो गोड नव्हता. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, बूट चावतोय हे कळतच नाही. बूट महिनाभर चावत होता. जखम सडली, तिचं विष अंगात भिनलं आणि साखर हाताबाहेर गेली.

"शुगर किती वर्षांपासून आहे?" डॉक्टरने विचारलं.

"माहीत नाही."

"लघवी कधी तपासली होती का?"

मी म्हटलं, "दर गुरुवारी."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने मी वर्गातल्या वात्रट मुलांकडे बघते.

मामा वाचले. आधी पायाची दोन बोटं काढली. ती पुरली नाहीत. आठवड्याभराने गुडघ्याखालून उजवा पाय काढला.

कॉलेजात परतल्यावर मी सगळी जर्नल्स मागवली. शंभर. एकेक उघडलं. बाटली ए, रंग निळा. बाटली ए, रंग निळा. काहींनी तर शेजारी निळ्या पेन्सिलीने सुबक टेस्ट ट्यूब रंगवली होती. प्रॅक्टिकल सुरू झाल्यापासून सात आठवडे, एक पूनम सोडून सगळी मुलं, लाल ट्यूब हातात धरून निळं लिहीत होती. खाली माझी सही, छान, लांब शेपटीची. शंभर जर्नल्समध्ये एकच खरं वाक्य होतं आणि त्यावर माझी काट होती. गेल्या वर्षीच्या मुलांची जर्नल्स त्यांच्याकडे आहेत. ती मी मागवली नाहीत. माझी हिंमत झाली नाही.

पूनमला बोलावून तो एक मार्क परत दिला. चांगलं भाषण तयार केलं होतं मी त्या प्रसंगाला. तिने जर्नल घेतलं, मार्क बघितला आणि म्हणाली, "राहू द्या मॅडम. मीपण आठवडाभर गप्पच बसले ना." आणि गेली. भाषण तसंच राहिलं.

प्रिन्सिपल सरांनी सर्क्युलर काढलं: यापुढे कर्मचाऱ्यांचे सॅम्पल वापरू नये. आता आम्ही युरिया, मीठ आणि बाकीची रसायनं पाण्यात कालवून ए बाटली बनवतो. तिला कोणताही आजार होऊ शकत नाही. जर्नलचं काय करायचं यावर सर्क्युलरमध्ये अवाक्षर नाही. मी माझ्यापुरता नियम केला आहे: प्रॅक्टिकलला येताना मधला रकाना भरलेला दिसला तर पान फाडते. मुलं मला खडूस म्हणतात. आणि न सांगता मी कधी कधी ए बाटलीतही ग्लुकोज टाकते. अजूनही वीस-बावीस मुलं बेधडक निळं लिहितात. पूर्वी शंभर लिहायची. याला आमच्या क्षेत्रात प्रगती म्हणतात.

ऑपरेशननंतर महिन्याने मी पौडजवळ मामांच्या घरी गेले. मामा ओसरीत खाटेवर बसले होते, चादर गुडघ्यापर्यंत, एका बाजूला ती लवकर सपाट होत होती. त्यांच्या बायकोने, काकूंनी, चहा आणला. मला साखरेचा, मामांना बिनसाखरेचा. त्यांनी तोंड वाकडं करून घोट घेतला.

"आता पोरांना सॅम्पल कोण देतं?"

"लॅबमध्येच बनवतो मामा. केमिकलचं."

"छ्या! त्याला काय चव हाय?" ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. काकू हसल्या नाहीत. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

मी माफी मागायला गेले होते. घरून निघताना आरशासमोर दोनदा म्हणून बघितली होती. तिथे गेल्यावर माफीच्या ऐवजी, शिक्षकाची सवय, तोंडातून प्रश्नच निघाला.

"मामा, एवढी तहान लागत होती. सारखं उठावं लागत होतं. वजन उतरलं होतं. मग पौडच्या दवाखान्यात एकदा लघवी तपासून घ्यावी, असं कधी वाटलंच नाही तुम्हाला?"

काकू पहिल्यांदा बोलल्या, "मी लई मागं लागलेवते. आयकतंय कोण?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरोखरच नवल वाटल्यासारखं.

"आवं म्याडम, आनि कुटं तपासाया जायाचं व्हतं? दर गुरवारी शंभर डाक्टर तपासत व्हतं, नॉर्मल लिवत व्हतं, आन् खाली तुमची सही!"